माध्यम

रोशनी आडे खिडकीशी येऊन म्हणाली,
काका, माध्यमाचा दाखला पाहिजे.
शिकवलं कशात, ते लिहून मागायलंय
जर्मनीचं विद्यापीठ.

नमुना आहे माझ्याकडं.
परभणीतून वर्षाला दोघं-तिघं निघतात बाहेर.
नाव बदलायचं, साल बदलायचं,
मधली ओळ तशीच ठेवायची:
संपूर्ण अभ्यासक्रम इंग्रजीतून शिकवण्यात आला.

या ओळीशी माझी बोटं अडतात.
लिपिक व्हायच्या आधी अकरा वर्षं
मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होतो.
ब्युरेट धुतल्या, काच फुटली की वहीत लिहिली,
आणि मागं उभा राहून एमएस्सी ऐकली फुकट.

दुधगावकर सर फळ्यावर इंग्रजी लिहायचे
आणि वळले की मराठी बोलायचे.
बफर म्हणजे घरातला थोरला भाऊ,
दोन्हीकडचं ऐकून घेतो, स्वतः हलत नाही.
थेंब थेंब सोड.
गुलाबी जराशी आली अन् टिकली, की थांब, बाई.
गडद झालं म्हणजे हुकलं.

हे कुठल्या रकान्यात बसवू?

मी दाखला दिला. जावक क्रमांक टाकला.
तीन आठवड्यांनी ती परत आली, मोबाईल पुढं धरून.
नुसता दाखला चालत नाही.
परीक्षाही द्या. साडेसहा गुण पाहिजेत,
चारपैकी एकाही भागात सहाच्या खाली नको.
दाखला नव्यानं द्या, तारखांसकट, प्राचार्यांच्या सहीनं.
शिवाय दहावीच्या गुणपत्रिकेत तिच्या नावात एक 'ए' जास्त,
पासपोर्टात तो नाही.
त्या एका अक्षरापायी
जिंतूरला स्टॅम्पपेपर, वकील, अन् अख्खा दिवस.

परीक्षेची फी ऐकून मी खुर्चीत सरळ झालो.
ती म्हणाली, भरली.
कशी, ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

फॉर्मात मातृभाषा विचारली होती.
यादी खाली खाली सरकवत गेली ती,
तिची गोरमाटी कुठंच नाही.
घरी याडीशी जी बोलते
तिच्यासाठी शेवटचा पर्याय होता: 'इतर'.
तिनं तो दाबला, पटकन,
दार लावून घ्यावं तसा.

पाचनंतर ऑफिसात कुणी नसतं.
काका, तुम्ही कार्ड वाचा, मी बोलते. घड्याळ लावा.
माझं इंग्रजी ऐकून संभाजीनगरचा परीक्षक
घरी गेला असता,
पण मी वाचलं:
तुम्हाला काही शिकवलेल्या माणसाबद्दल सांगा.
एक मिनिट विचार. दोन मिनिटं बोलणं.

ती बोलायला लागली.
निम्मं मला कळलं, निम्मं पंख्यानं नेलं.
हात मात्र ओळखीचे होते,
डावा नळीच्या तोटीवर, उजवा फ्लास्क फिरवणारा,
आणि सरळ चाललेल्या इंग्रजीत
मधेच, तसंच्या तसं,
थांब, बाई.

मग ती खरंच थांबली.
ह्याला काय म्हणतात, काका?
नुसतं स्टॉप म्हणलं तर रागावल्यासारखं होतं.
मला कुठं माहीत.
म्हणलं, असू दे की तसंच.
ती म्हणाली, गुण कापतील.
घड्याळात वीस सेकंद उरले होते, ते तसेच गेले.

बोलण्यात सहा आले. लिहिण्यात साडेसहा.
सगळं मिळून जेमतेम पुरलं.

नवा दाखला मी आज टाइप केला.
तीच ओळ, इंग्रजीतून शिकवण्यात आला, तारखांसकट.
प्राचार्यांनी न वाचता सही केली.
ऑफिसच्या प्रतीवर, कोपऱ्यात, पेन्सिलीनं
मी लिहिलं: फळ्यावर.
इतकंच. कुणी विचारलं तर खोडता येतं.

पाकीट चिकटवलं.
गोल शिक्का जोडावर निम्माच उमटला,
शाई कमी पडली असावी.
शेजारी परत मारला.